एक्सेलचा स्वतः बनवलेला टॅब दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला, बटणं दिसतात पण चालत नाहीत

रकानेवाली:
मंडळी, दोन दिवस डोकं लावून झालं, आता तुम्हालाच विचारते. एक्सेलमध्ये गेल्या चार-पाच वर्षांत मी स्वतःपुरता एक टॅब (वरच्या होम, इन्सर्टच्या रांगेतला) जमवलाय. चौदा बटणं आहेत, त्यातली पाच एक्सेलचीच म्हणजे पेस्ट व्हॅल्यूज, फ्रीझ पेन्स असली रोज लागणारी, आणि नऊ माझ्या मॅक्रोंची, म्हणजे एका क्लिकवर अख्खं काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची. बाहेरून येणाऱ्या शीटमध्ये तारखा टेक्स्ट म्हणून येतात त्या खऱ्या तारखा करायच्या, रिकाम्या ओळी काढायच्या, दोन याद्या जुळवून न जुळलेले नंबर पिवळे करायचे, अशी कामं. या टॅबवर माझा जीव आहे, रोजचा तासभर तरी वाचतो.

आता शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली मलाही दे. म्हणून फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, तिथे खाली इम्पोर्ट/एक्स्पोर्ट आहे त्यातून एक्स्पोर्ट केलं, तिच्याकडे इम्पोर्ट केलं. टॅब आला, नावंही तीच, चिन्हंही तीच. पण माझ्या मॅक्रोंचं कुठलंही बटण दाबलं की मॅक्रो चालवता येत नाही, तो या वर्कबुकमध्ये नसेल किंवा सगळे मॅक्रो बंद असतील, असा मेसेज. मॅक्रो सेटिंग दोघींचं एकच आहे, बघितलं.

आणि दुसरं, जे मला जास्त लागलं, तिची स्वतःची वरच्या पट्टीवरची बटणं होती ना सात-आठ, ती सगळी गेली. तिने काही म्हटलं नाही पण मला फार वाईट वाटतंय. परत येतील का?

जुनीशीट:
आधी दुसऱ्याचं उत्तर देतो कारण त्यात वेळ महत्त्वाची आहे. इम्पोर्ट करताना एक्सेल विचारतं, की आत्ताचे रिबनचे (म्हणजे टॅबांचे) आणि क्विक ॲक्सेस टूलबारचे (म्हणजे त्या वरच्या पट्टीचे) सगळे बदल काढून त्या जागी हे टाकू का. आपण यस दाबून मोकळे होतो. ते भर घालत नाही, जागा घेतं. एकाच फाइलमध्ये टॅब पण असतात आणि वरची पट्टी पण असते, म्हणून तिची पट्टी गेली.

तिच्या कॉम्प्युटरवर ॲपडेटा मध्ये लोकल, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात ऑफिस असं फोल्डर आहे, तिथे एक्सेल.ऑफिसयूआय नावाची छोटी फाइल असते, सगळं तिच्यात साठतं. त्या फोल्डरचा कुठला बॅकअप असेल, किंवा फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जुन्या आवृत्त्या दिसत असतील, तर एक्सेल बंद करून जुनी फाइल परत ठेवा, बटणं जशीच्या तशी येतील. एक्सेल बंद करून हे महत्त्वाचं. बॅकअप नसेल तर मात्र हाताने परत लावावी लागतील, दुसरा मार्ग नाही. पुढच्या वेळी कोणाच्याही मशीनवर इम्पोर्टच्या आधी त्यांचं एक्स्पोर्ट करून ठेवायचं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

खिडकी_अकरा:
आता बटणं का चालत नाहीत ते. बटण म्हणजे फक्त पाटी असते, मॅक्रो त्या फाइलमध्ये नसतोच. तुम्ही मॅक्रो रेकॉर्ड करताना पर्सनल मॅक्रो वर्कबुक निवडलं असणार, म्हणजे ते पर्सनल.एक्सएलएसबी मध्ये आहेत आणि ती फाइल तुमच्या मशीनवर एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये बसलीये. मैत्रिणीकडे फक्त पाट्या गेल्या.

एक्स्पोर्ट केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघाच एकदा, सगळा साधा एक्सएमएल आहे. प्रत्येक बटणाच्या ओळीत ऑनॲक्शन असं लिहिलेलं असेल आणि पुढे अवतरणात अख्खा पत्ता, सी:\युजर्स\ मग तुमचं लॉगिन नाव, मग ॲपडेटा\रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\एक्सेल\एक्सएलस्टार्ट\पर्सनल.एक्सएलएसबी, मग उद्गारचिन्ह आणि मॅक्रोचं नाव. तिच्या मशीनवर तुमच्या नावाचं फोल्डरच नाही तर एक्सेल शोधणार कुठे.

म्हणून दोन गोष्टी करायच्या. नोटपॅडमध्ये रिप्लेस वापरून ऑनॲक्शनच्या पत्त्यांमध्ये तुमच्या लॉगिनच्या जागी तिचं लॉगिन टाका (त्याच ओळीत अंडरस्कोअर घातलेला लांबलचक आयडी असतो, त्याला मी हात लावत नाही). आणि मॅक्रो तिच्याकडे न्या. पण तिची आधीपासून पर्सनल.एक्सएलएसबी असेल तर त्यावर तुमची पेस्ट करू नका, नाहीतर तिचे मॅक्रोही जातील आणि परत तीच कथा. ऑल्ट एफ ११ दाबून तुमचं मॉड्यूल (मॅक्रोंचा कोड ज्यात असतो ते पान) राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा, .बास फाइल मिळते, ती तिच्याकडच्या पर्सनलमध्ये इम्पोर्ट करा. मॉड्यूलची नावं सारखी असली तरी ते भर घालतं, पुसत नाही.

तिची पट्टी आणि तुमचा टॅब दोन्ही हवं असेल तर दोन्ही एक्स्पोर्ट फाइली शेजारी उघडा आणि तुमचा टॅब जिथे सुरू होतो तिथपासून जिथे बंद होतो तिथपर्यंतचा अख्खा तुकडा उचलून तिच्या फाइलमध्ये टॅब्सच्या आत ठेवा. फक्त एक बघा, तुमच्या फाइलच्या अगदी वरच्या टॅगमध्ये मॅक्रोसाठी एक्स१ अशी घोषणा असते, तिच्या फाइलमध्ये मॅक्रोचं बटण नसेल तर ती घोषणा नसणार, तीही कॉपी करायची. हे राहिलं की इम्पोर्ट होत नाही आणि माणूस तासभर शोधत बसतो, मी बसलोय.

सूत्रपाठ:
वरचं सगळं बरोबर आहे पण एक मैत्रीण आहे म्हणून ठीक, उद्या चौघींनी मागितलं तर प्रत्येकीचं लॉगिन बदलत बसणार का? मनापासून सांगते, हे ॲड-इन करा, म्हणजे एक्सेलला जोडायची वेगळी फाइल. मॅक्रो आणि टॅब एकाच फाइलमध्ये राहतात, कोणाच्या स्वतःच्या पट्टीला धक्का लागत नाही, आणि काढायचं झालं तर एक टिक काढली की संपलं.

नवीन वर्कबुकमध्ये तुमची मॉड्यूल टाका, सेव्ह ॲज मध्ये एक्सेल ॲड-इन निवडा, .एक्सएलएएम होते. मग ऑफिस रिबनएक्स एडिटर म्हणून फुकट मिळणारं टूल आहे, त्यात ती फाइल उघडून टॅबचा एक्सएमएल घालायचा, तेव्हा फाइल एक्सेलमध्ये उघडी नको. एक्सेल २०१० च्या पुढच्यांसाठी कस्टमयूआय१४ हा भाग घ्यायचा, नुसता कस्टमयूआय २००७ साठी आहे.

दोन जागी सगळे अडकतात. पहिलं, ॲड-इनमध्ये असा घातलेल्या टॅबवरच्या बटणाच्या मॅक्रोला कंसात कंट्रोल ॲज आयरिबनकंट्रोल लागतं, तुमच्या रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोंचे कंस रिकामे असणार, मग बटण दाबलं की आर्ग्युमेंटची संख्या चुकली असा एरर येतो. मी मूळ मॅक्रोला हात न लावता वर छोटा दुसरा लिहिते जो फक्त मूळ मॅक्रोला बोलावतो. दुसरं जास्त फसवं आहे. कोडमध्ये कुठे दिसवर्कबुक लिहिलं असेल तर ॲड-इनमध्ये गेल्यावर त्याचा अर्थ ॲड-इनची स्वतःची लपलेली फाइल असा होतो. एरर येतोच असं नाही, मॅक्रो चालतो, समोरच्या शीटमध्ये काहीच होत नाही, आणि तारखा नीट झाल्या असं समजून माणूस पुढे जातो. सगळीकडे ॲक्टिव्हवर्कबुक करा, एकेक ओळ वाचून.

सगळ्यांच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवलंत तर टिक करताना एक्सेल विचारेल तुमच्या ॲड-इन फोल्डरमध्ये कॉपी करू का, तिथे नो म्हणायचं, मग एकच फाइल सगळे वापरतात. आणि त्या फाइलला रीड ओन्ली करून ठेवा, नाहीतर कोणीतरी उघडून बसलेलं असतं आणि तुम्हाला सुधारलेली फाइल ठेवता येत नाही. मेलने पाठवलीत तर समोरच्याने प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक करायला हवं, २०२२ पासून बाहेरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो ऑफिस आपणहून अडवतं.

जुनीशीट:
यावरून आठवलं, एक्सेल २००३ पर्यंत कस्टमाइझ मध्ये अटॅच नावाचं बटण होतं, टूलबार थेट वर्कबुकला चिकटायचा. छान सोय होती पण चिकटलेली ती प्रत असायची, नंतर तुम्ही टूलबार बदलला तरी वर्कबुकमध्ये जुनाच राहायचा, काढून परत चिकटवावा लागायचा. अशा जुन्या .एक्सएलएस फाइली आजही उघडल्या तर ते टूलबार ॲड-इन्स टॅबमध्ये दिसतात. आजही एकाच फाइलपुरतं हवं असेल तर क्विक ॲक्सेस टूलबारच्या ऑप्शनमध्ये उजवीकडे वर सगळ्या डॉक्युमेंटसाठी असं असतं तिथे त्या वर्कबुकचं नाव निवडा, बटणं फाइलबरोबर जातात.

मुक्तगणित:
लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखाच फुकट प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांसाठी एकच सांगतो, टूल्स, कस्टमाइझ, टूलबार्स मध्ये स्कोप म्हणून खाना आहे, तिथे लिब्रेऑफिस कॅल्कच्या ऐवजी उघडलेल्या फाइलचं नाव निवडलं की टूलबार त्या फाइलमध्येच साठतो आणि मॅक्रोही त्याच फाइलमध्ये ठेवता येतात. अख्खी मांडणी न्यायची तर युजर प्रोफाइलचं फोल्डर दोन्हीकडे लिब्रेऑफिस बंद करून कॉपी करायचं.

रकानेवाली:
सगळ्यांचे खूप आभार. मैत्रिणीची पट्टी परत आली! तिच्या मशीनचा मागच्या आठवड्याचा बॅकअप होता त्यात ऑफिसयूआय फाइल सापडली. नोटपॅडमध्ये माझं लॉगिन नऊ वेळा दिसलं तेव्हा सगळा प्रकार एकदम लक्षात आला. आजपुरतं पत्ता बदलून टॅब चालू करून दिलाय, तिने पहिल्यांदा तारखांचं बटण दाबलं आणि चारशे ओळींतल्या तारखा एका झटक्यात खऱ्या होऊन रकान्यात उजवीकडे सरकल्या तेव्हा जे हसली ना. ॲड-इन या शनिवारी करणार, सूत्रपाठ ताई तुम्ही म्हणालात ते दिसवर्कबुक शोधलं, तीन मॅक्रोंमध्ये मिळून सात ठिकाणी निघालं.