एकातून दुसरं असं करत सापडलेली गाणी, मालिका, सिनेमे: तुमचं काय?

रात्रीचा_श्रोता

लोकहो, टॉप टेनच्या याद्या नकोत, त्या सगळीकडे सारख्याच असतात. मला असं काहीतरी हवंय जे तुम्हाला शोधता शोधता सापडलं आणि सापडल्यावर दोन-चार जणांना बळंच ऐकवल्या-दाखवल्याशिवाय राहवलं नाही. गाणं, मालिका, सिनेमा, काहीही चालेल, भाषा कुठलीही. फक्त कसं सापडलं तेही लिहा, मला त्यातच जास्त रस आहे.

माझ्यापासून सुरू करतो. चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक. जुन्या सिंथेसायझरांबद्दल वाचताना त्यांचं नाव आलं. १९८२ साली त्यांची एक रेकॉर्ड निघाली, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. नावावरून वाटतं तेव्हाच्या डिस्को लाटेतलंच काहीतरी असणार, पण लावून तर बघा. रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, आणि त्यावर भैरव, ललत, तोडी, मालकंस, मेघ मल्हार असे दहा राग. यातलं ३०३ म्हणजे एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं मशीन, ते फार खपलं नाही, १९८४ ला बंदच झालं, मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं तेव्हा शिकागोच्या पोरांनी त्याची बटणं पिळून पिळून त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचं नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत काढलं. त्यांची गाजलेली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आली १९८७ ला. म्हणजे चरणजित सिंगांचं काम पाच वर्षं आधीचं! तेव्हा ती रेकॉर्ड कुणी फारशी घेतली नाही, २०१० मध्ये परत निघाली तेव्हा जगभर चर्चा झाली आणि उतारवयात त्यांनी परदेशात जाऊन ती लाइव्ह वाजवली. पहिलं कोण हा वाद लोक घालत बसतात, मला त्यात काही गंमत वाटत नाही. त्या मशीनमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे आणि ह्या माणसाने तिची मींड करून टाकली, हे मला फार मोठं वाटतं. ललत ऐका, हेडफोन लावून, मध्येच बंद न करता.

कॅसेटवाली

अरे वा, मग ही घ्या त्याच वर्षाची दुसरी. रूपा, 'डिस्को जाझ', १९८२. रूपा बिस्वास ही बंगाली गायिका कॅनडाला गेली होती, तिथे कॅल्गरीत हे रेकॉर्डिंग झालं, आणि सरोदवर कोण तर आशिष खाँ, अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव! मी आशिष खाँचं सरोद शोधत होते, शास्त्रीय ऐकायचं म्हणून, आणि यादीत खाली हे दिसलं. 'आज शोनिबार' लावलं आणि मग पुढचे कित्येक दिवस दुसरं काही ऐकलंच नाही. गिटार आणि सरोद एकमेकांशी बोलतात त्यात, आणि रूपाचा आवाज त्यावरून असा काही हलकेच तरंगत जातो की बास. ही पण रेकॉर्ड तेव्हा पडली, बाईंनी गाणं मागे टाकून संसार केला, आणि अनेक वर्षांनी मुलाच्या लक्षात आलं की इंटरनेटवर आपल्या आईला जगभरचे लोक ऐकतायत. २०१९ ला रीतसर परत निघाली. मी ह्या गोष्टीने आतून हलले, कारण गाणं तेच होतं हो, एक सूरही बदललेला नाही.

शेवटची_रांग

सिनेमा. आणि माझा नियम एकच, श्रेयनामावली संपेपर्यंत उठायचं नाही.

चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' बऱ्याच जणांनी पाहिला असेल, २०२० चा, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालेला. त्यात शास्त्रीय गाणं शिकणारा नायक रात्री मोटरसायकलवरून जाताना माईंची, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंची, जुनी व्याख्यानं ऐकत असतो. संथ, करडा, अजिबात न ओरडणारा आवाज, कलेबद्दल असं बोलणारा की आपणच गुन्हेगार वाटायला लागतो. माई पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. मी पूर्ण सिनेमाभर विचार करत होते की हा आवाज कुणाचा, आणि शेवटी नाव आलं सुमित्रा भावे. दिग्दर्शिका सुमित्रा भावे! मला नाव माहीत होतं पण काम नीट पाहिलेलं नव्हतं. मग बसले एकेक बघायला. 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु', 'कासव', बहुतेक सगळे सुनील सुकथनकरांबरोबर केलेले.

ह्यातला 'अस्तु' मी लोकांना हाताला धरून दाखवते. मोहन आगाशे संस्कृतचे पंडित, स्मृतिभ्रंश होत चाललेला, आणि ते रस्त्यावर दिसलेल्या हत्तीच्या मागे मागे निघून जातात. घरचे शोधतायत, आणि इकडे माहुताची कानडी बोलणारी बायको, अमृता सुभाष, त्या म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते, भाषा कळत नसताना. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला ह्या भूमिकेसाठी आणि तो मिळायलाच हवा होता. आजारावरचा सिनेमा म्हटलं की आपण रडायच्या तयारीने बसतो, हा तसा नाहीच, इथे तो माणूस हळूहळू मोकळा होत जातो आणि बघणाऱ्याला त्याचा हेवा वाटायला लागतो, मग त्या हेव्याची भीती वाटते. 'कासव'ला तर २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे, तरी कितीतरी मराठी माणसांनी पाहिलेला नाही. सुमित्राताई २०२१ मध्ये गेल्या. 'द डिसायपल' आता परत पाहिला तर माईंचं प्रत्येक वाक्य वेगळं ऐकू येतं.

पॉपकॉर्न_बंदी

शेवटची_रांग, 'अस्तु' आजच बघतो.

माझा एक छोटा. जपानी, 'वन कट ऑफ द डेड', २०१७. एका शब्दाचंही परीक्षण वाचू नका, ट्रेलर तर अजिबात नको. पहिली ३७ मिनिटं एकाच सलग शॉटची आहेत, झॉम्बीपट आहे, आणि तुम्हाला वाटेल हे काय भलतंच. बंद करू नका. ३७ मिनिटांनंतर जे होतं त्याच्यासारखं सिनेमा करणाऱ्यांवर प्रेम करणारं काही मी पाहिलेलं नाही.

उगाच_फिरणारा

थोडं वेगळं मत मांडतो. नावांच्या मागे जाऊन सापडणं छानच, पण यूट्यूबने आपणहून समोर आणून ठेवलेलं कमी दर्जाचं असतं असं काही नाही. मारिया ताकेउचीचं 'प्लास्टिक लव्ह' घ्या, १९८४ चं जपानी गाणं, तिच्या 'व्हरायटी' अल्बममधलं, निर्माता तिचा नवरा तात्सुरो यामाशिता. २०१७ च्या सुमारास यूट्यूब हे गाणं जगभर कुणालाही सुचवायला लागलं, काहीही ऐका, बाजूला तो हसऱ्या मुलीचा काळापांढरा फोटो दिसणारच. फोटो सुद्धा त्या गाण्याचा नव्हता, तिच्या आधीच्या एका रेकॉर्डच्या वेळचा होता, पण लोकांच्या डोक्यात गाणं आणि चेहरा पक्के जोडले गेले. त्यातून अख्खं सिटी पॉप, म्हणजे जपानचं त्या काळचं शहरी पॉप संगीत, लोकांना कळलं, मग मिकी मात्सुबाराचं १९७९ चं 'स्टे विथ मी' २०२० ला असंच वर आलं. ती गायिका २००४ मध्येच गेली होती, तिला हे काही बघायला मिळालं नाही. मला जपानी येत नाही तरी तो बेस सुरू झाला की मी हातातलं काम सोडतो.

रात्रीचा_श्रोता

मान्य आहे. पण तुम्ही 'प्लास्टिक लव्ह'वर थांबला नाहीत ना, यामाशितापर्यंत गेलात, सिटी पॉपमध्ये शिरलात. दार कुणी का उघडेना, आत तुम्ही स्वतः गेलात, मी तेच म्हणतोय. यामाशिताचे स्वतःचे अल्बम पण ऐका, 'फॉर यू' पासून सुरुवात करा.

पाच_सूर

सिनेमातून गाण्याकडे गेलेला मी. जिम जारमुशचा 'ब्रोकन फ्लॉवर्स', २००५, बिल मरे. त्याचा इथिओपियन शेजारी त्याला प्रवासात ऐकायला एक सीडी करून देतो, आणि मग गाडी चालताना ते संगीत वाजत राहतं. सिनेमा बरा आहे, संगीत मात्र काळजात घुसलं. नाव काढलं: मुलातू अस्तात्के. लंडन आणि बॉस्टनला शिकलेला, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) वाजवणारा, जाझ आणि इथिओपियाच्या स्वररचना एकत्र आणणारा. 'एथिओपीक' नावाची अल्बममाला आहे, तिचा चौथा भाग पूर्ण त्याचा, तिथून सुरू करा.

आणि शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी एक मजा. तिकडे 'तिझिता' नावाची एक पाच स्वरांची रचना आहे, तिचं एक रूप म्हणजे सा रे ग प ध, आपला भूपच की! पण चाल इतकी वेगळी, हुरहुर लावणारी, की भूप ऐकतोय असं क्षणभरही वाटत नाही. चरणजित सिंगांच्या रेकॉर्डमध्येही भूपाली आहे, दोन्ही एकामागोमाग लावून ऐका. एवढे पाच स्वर, आणि माणसं त्यातून कुठल्या कुठे जातात. मी हा खेळ पुन्हा पुन्हा करतो आणि दर वेळी थक्क होतो.

कॅसेटवाली

आत्ता लागोपाठ लावून पाहिलं. काटा आला अंगावर.

खिडकीतला_दिवा

मालिका कुणीच नाही लिहिली का अजून? मग मी.

'डेकालॉग'. क्रिश्तोफ किश्लोव्स्कीने पोलिश टीव्हीसाठी केलेली, १९८९ ची, दहा भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा. वॉर्सामधल्या एकाच मोठ्या वसाहतीत सगळं घडतं, एका भागातली माणसं दुसऱ्या भागात लिफ्टमध्ये किंवा जिन्यात ओझरती दिसतात. बायबलमधल्या दहा आज्ञांवर आधारलेली म्हणतात म्हणून मी बरीच लांब ठेवली होती, पण उपदेशाचा लवलेश नाही हो. बाप, मुलगी, डॉक्टर, शेजारी, सगळे अशा जागी उभे आहेत जिथे बरोबर काय ते कुणालाच सांगता येत नाही. आणि एक गप्प माणूस बहुतेक भागांत येतो, काही बोलत नाही, नुसता बघतो आणि जातो.

मी इथे पोचले ते संगीतामुळे. 'डेकालॉग'चा संगीतकार ज्बिग्न्येव प्राइझ्नर, त्याचं संगीत ऐकत होते तर त्याच्या नावाबरोबर एक जुना डच संगीतकार सतत यायचा, व्हान डेन बुडेनमायर. नवव्या भागात त्याचं नाव घेतात, मग किश्लोव्स्कीच्याच 'द डबल लाइफ ऑफ व्हेरोनिक' सिनेमातही तो आहे, पुढे 'थ्री कलर्स'मध्येही. त्याचं बाकीचं काम शोधायला गेले तर कळलं की असा माणूसच कधी नव्हता, किश्लोव्स्की आणि प्राइझ्नरने मिळून तो रचला आणि सगळं संगीत प्राइझ्नरचंच. दोन मित्रांनी एका नसलेल्या माणसाला इतकं प्रेमाने सांभाळलं की तो खरा वाटला, मला ह्याचं अजून अप्रूप आहे.

पॉपकॉर्न_बंदी

क्रमानेच बघावं लागेल का? की कुठूनही?

खिडकीतला_दिवा

कुठूनही चालतं, गोष्टी स्वतंत्र आहेत. तरी पहिला आधी बघा, गोठलेल्या तळ्याचा. दहावा त्यातला सगळ्यात हलका, दोन भाऊ आणि वडिलांचा टपाल तिकिटांचा संग्रह, तो मधेच कधीतरी घ्या, श्वास घ्यायला बरा पडतो. पाचवा एकट्याने आणि रात्री उशिरा लावू नका.