ब्रिटनमध्ये सामाजिक मानवशास्त्रात मास्टर्स : एका वर्षात फील्डवर्क बसतं का?

सीमोल्लंघन : पुण्यात समाजशास्त्रात बीए (तीन वर्षांचं) पूर्ण होतंय. पुढे ब्रिटनमध्ये सामाजिक मानवशास्त्र घ्यायचंय, प्रबंध बीडच्या ऊसतोड कामगारांच्या तळावरच्या जगण्यावर. मानवशास्त्राची पदवी नाही, चालेल का? फील्डवर्कला वेळ किती मिळतो? शिष्यवृत्तीत काय पाहू?

बांधावरून : पदवीची काळजी सोडा. एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) आणि ऑक्सफर्डचं एमएससी, केंब्रिजचं एमफिल (तिकडे तेही मास्टर्सच), तिन्हीकडे दुसऱ्या विषयातून आलेल्यांना घेतात. तीन वर्षांची पदवीही चालते, गुण मात्र चांगले हवेत. आपल्या विद्यापीठांत मानवशास्त्र म्हटलं की शारीरिक मानवशास्त्रही आलंच. तिकडच्या ‘सोशल’मध्ये ते नसतं; असतं ते नातेव्यवस्था, विधी, अर्थव्यवहार, सत्ता, आणि वाचनाचा डोंगर.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. १८० क्रेडिटपैकी साधारण १२० वर्गातल्या अभ्यासाला, ६० प्रबंधाला. प्रबंध १०,००० ते १५,००० शब्दांचा आणि त्याचं मुख्य काम तिकडच्या उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट. गाळप हंगाम मार्च-एप्रिललाच आटोपतो. तुम्ही पोचाल तेव्हा कारखान्याच्या तळावरच्या खोप्या मोडून लोक निघून गेलेले असतील.

म्हणून प्रश्नच बदला. पावसाळ्यात कोयते (ऊस तोडणारी जोडपी) गावी असतात. मागच्या उचलीतलं (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतलं) किती फिटलं, पुढच्या हंगामाला कोणत्या मुकादमाकडे (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे) जायचं, हे तेव्हाच ठरतं. उचलीचा विषय त्या अडीच-तीन महिन्यांत नीट बसेल.

विद्यापीठाची एथिक्स मंजुरी (संशोधनात लोकांना त्रास होणार नाही ना, याची तपासणी) आणि फील्डवर्कमधल्या धोक्यांचा जोखीम-अर्ज निघण्याआधी हातात हवेत. मंजुरीआधी घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत. सही न करणाऱ्यांची तोंडी संमती कशी नोंदवणार, ते अर्जातच लिहा. आणि मुकादमाच्या ओळखीने गावात शिरू नका. त्याच्यासमोर उचलीबद्दल कुणी खरं बोलणार नाही.

ओलीसुकी : तळच पाहायचा असेल तर ब्रिटनचा हट्ट कशाला? नेदरलँड्समध्ये लायडनच्या एक वर्षाच्या मास्टर्समध्ये जानेवारी ते मार्च फील्डवर्कसाठीच राखलेले असतात. म्हणजे ऐन हंगाम. मात्र सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये आराखडा पक्का व्हायला हवा, त्यामुळे कोणता कारखाना, कोणत्या गावचे लोक हे जाण्याआधीच ठरवून ठेवा.

दप्तरी : पैशांचं. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या (अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती वगैरेंसाठी) २०२२च्या नियमांनी भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. मानवशास्त्र शिकणाऱ्यावर याहून उफराटा नियम सुचणं कठीण. पात्र असाल तर अर्जाआधी चालू वर्षाची नियमावली शब्दन् शब्द वाचा. अनुसूचित जातीत असाल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. ती समाज कल्याण आयुक्तालयाकडून मिळते.

चेव्हनिंगला (ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती) दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. बीए संपवून लगेच भरू नका. फेलिक्स ही शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रीडिंग या विद्यापीठांना चालते.

स्वतःच्या पैशांवर जाणार असाल तर फी वेगळी, आणि व्हिसासाठी राहण्याचा खर्च वेगळा दाखवायचा : नोव्हेंबर २०२५पासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड, बाहेर १,१७१, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली आली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

सीमोल्लंघन : उचलीचा विषय पटला. शिफारसपत्रं आणि हेतुपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) कसं हवं?

बांधावरून : ‘विद्यार्थिनी हुशार व नम्र आहे’ छापाचं पत्र कुचकामी. तुमचा एखादा निबंध किंवा प्रकल्प ज्यांनी तपासला त्या प्राध्यापकांना गाठा, तो त्यांना पुन्हा पाठवा, आणि पत्र कॉलेजच्या ईमेलवरूनच जाऊ द्या. जीमेलवरून आलेल्या पत्रावर शंका घेतात. हेतुपत्रात ‘मला संस्कृतींची आवड आहे’ नको. पहिल्या परिच्छेदात उचलीचा प्रश्न, मग त्यावर आधी काय लिहिलं गेलंय आणि कुठे अपुरं पडतं, शेवटी त्या विभागात कर्ज किंवा श्रमावर काम करणारं कोण आहे.