डाउन पेमेंटसाठी वेगळे कर्ज काढून नवा फ्लॅट घ्यावा का?

धागाकर्ता : नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ काम सुरू असलेल्या इमारतीत ५० लाखांचा फ्लॅट आम्ही पाहिला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचे गृहकर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळते. म्हणजे १० लाख आपले, शिवाय ५ टक्के जीएसटीचे अडीच लाख, नोंदणीचे ३० हजार आणि मुद्रांक शुल्क निराळे. हाताशी आठ लाख आहेत. उरलेल्या सुमारे आठ लाखांसाठी वैयक्तिक कर्ज काढावे, असे माझे मत झाले आहे, कारण आपण साठवत बसतो तोवर भाव पुढे गेलेले असतात.

सातपूरकर : मी याच्या पूर्ण विरोधात आहे. आठ लाख, १२ टक्के, पाच वर्षे धरली तर हप्ता सुमारे १७,८०० रुपये होतो. ४० लाखांच्या गृहकर्जाचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये, आणि ताबा मिळेपर्यंत सध्याचे घरभाडे आहेच. शिवाय चालू हप्ते वजा करूनच बँक पात्रता ठरवते, त्यामुळे वैयक्तिक कर्ज आधी काढले तर गृहकर्जच आखडते. मी हे केले आहे. २०२० मध्ये कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा पाच तारखेच्या आदल्या रात्री खात्यातली शिल्लक तीन-तीनदा पाहायचो आणि किराण्याची यादी खोडत बसायचो.

इंदिरानगरवाली : आपला अनुभव मान्य, पण तो सर्वांना लावू नये. आम्ही पाटल्या आणि गोफ तारण ठेवून फरक भरला. सराफाने काट्यावर वजन करून खडे वजा केले तेव्हा जीव खालीवर झाला खरा. तरी दोघांचे पगार असल्याने अडीच वर्षांत दागिने घरी आले. कपाटात पडलेले सोने घरासाठी कामी येत असेल, तर त्यात गैर काय?

सातपूरकर : सोन्याबद्दल माझी तक्रार नाही, ताब्याची तारीख पुढे गेली तर काय, एवढाच प्रश्न आहे. (सिंहस्थ कुंभमेळ्यापर्यंत भाव वाढतील, हे सेल्स ऑफिसातले वाक्य मी चहाइतकेच गंभीरपणे घेतो.) पूर्णत्वाचा दाखला मिळालेला तयार फ्लॅट पाहा, त्यावर जीएसटी नाही, म्हणजे अडीच लाख तिथेच वाचले आणि भाडेही थांबले. बांधकामातलाच घ्यायचा असेल, तर नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नका. रेरा म्हणजे घरबांधणी व्यवहारांचे नियमन करणाऱ्या कायद्याने बिल्डरला ती मागताच येत नाही.

धागाकर्ता : जीएसटीचा हिशेब मी तयार फ्लॅटशी ताडून पाहिलाच नव्हता. बुकिंगचा धनादेश तूर्त थांबवतो.