मानसिक आजाराचं दिव्यांग प्रमाणपत्र: काढावं की नको?

जुळे सोलापूरची ताई
माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, अकरा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं आम्ही गोळ्या, डॉक्टरची फी आणि पाहुण्यांना काय सांगायचं एवढंच बघत होतो. दिव्यांग प्रमाणपत्र त्यालाही मिळू शकतं हे एकाही डॉक्टरनं सांगितलं नाही. कळलं ते दवाखान्याच्या बाकावर, शेजारी बसलेल्या मोहोळच्या आजींकडून. मांडीवर चादरीच्या दुकानाची पिशवी, आत मुलाचे केसपेपर वर्षावारी दोऱ्यानं बांधलेले. "दिव्यांगाचं कार्ड काढलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजी, त्याचे हातपाय धड आहेत." त्या म्हणाल्या, "माझ्याबी लेकराचे धडच हायेत की."

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, मानसिक आजार त्यातलाच एक. तपासणीत दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त भरलं की योजनांची दारं उघडतात. माझं म्हणणं एवढंच की आजार जुना असेल तर प्रत्येक घरानं हे कार्ड काढावं, आणि उपचार करणाऱ्यानंच ते घरच्यांना सांगावं. झाकून ठेवल्यानं नुकसान आजारी माणसाचं होतं.

अशोक चौक, एक बाप
ताई, तुमचं दुःख समजतं, पण मला पटत नाही. माझी मुलगी 22 वर्षांची आहे. दोन वर्षं फार वाईट गेली. आता गोळ्या चालू आहेत, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष परत सुरू केलंय. कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो, मी स्वतः बघितलंय. आमच्याकडे घराला घर लागून आहे, सोयरीक दोन गल्ल्यांच्या आत जुळते. पोरगी सावरतेय आणि मीच तिच्यावर शिक्का मारून घेऊ? बाप म्हणून मला ते जमणार नाही.

विडी घरकुल
लाजेचं बाजूला ठेवा, आमची अडचण रोजगाराची आहे. आई विड्या वळते. एक दिवस बाहेर गेला की त्या दिवसाची मजुरी गेली. आधी ऑनलाइन अर्ज, मग तपासणी, मग उत्पन्नाचा दाखला, मग संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या पैशांसाठी तहसील. आणि तिथं दिव्यांगासाठी अट काय, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50 हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला साधारण चार हजार दोनशे! हाताला काम असलेलं कुठलं घर त्यात बसतं?

अजून एक सांगतो. मामाला तपासणीला न्यायचं म्हणून आईनं पहाटे उठून त्याला अंघोळ घातली, दाढी करून दिली, इस्त्रीचा शर्ट घातला. मामा आत जाऊन शांत बसला, नाव-गाव नीट सांगितलं. टक्केवारी चाळीसच्या खाली आली. तो माणूस घरी चार-चार दिवस पाण्याला शिवत नाही. तेव्हापासून आई म्हणते, परत नको.

जुळे सोलापूरची ताई
दादा, 50 हजारांची अट चुकीचीच आहे, ती वाढायलाच पाहिजे. ऑक्टोबर 2025 पासून त्या योजनेतलं दिव्यांगांचं महिन्याचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार झालं, पण दारातच अडवलं तर आकड्याचा काय उपयोग.

मामांचं मात्र सोडू नका. मानसिक आजार 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीनं मोजतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चारांना शून्य ते चार गुण, अडचण जास्त तितके गुण जास्त, शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे गुण. एकूण वीस. सात झाले की 40 टक्क्यांत बसतं. हे गुण पाच मिनिटांत दिसत नाहीत, घरच्यांनी सांगावे लागतात. आईनं मायेनं अंघोळ घातली आणि नेमकं तेच झाकलं गेलं. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

काका, कार्ड तुमच्या कपाटात राहणार. आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलाय, कलम 23 बघा. आणि मुलगी शिकतेय म्हणूनच म्हणते, 40 टक्के भरले तर सरकारी उच्च शिक्षणात दिव्यांगांना 5 टक्के जागा आहेत, सरकारी नोकरीत 4 टक्के. या चारातला एक टक्का ज्या गटाला आहे, त्यात मानसिक आजार येतो.

बार्शीकर
कार्ड, कार्ड, कार्ड. कार्ड म्हणजे सेवा नव्हे, ताई. रात्री दोनला भाऊ दार ठोठावत ओरडत होता तेव्हा मी 14416 ला फोन लावला. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास चालू असते. मराठीत बोलले, मला धीर दिला, त्यांचे उपकार आहेत. पण भरती करायचं म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर पुण्यातलं येरवड्याचं मनोरुग्णालयच येतं. सोलापूरपासून अडीचशे किलोमीटर. तालुक्याच्या गावी महिन्याला ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आणि गोळ्या मिळू देत, मग कार्डाचं बोला.

आणि आई गेल्यावर काय? मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. निरामय नावाचा आरोग्य विमा एक लाखाचा, आणि पालकत्व द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची समिती. स्किझोफ्रेनिया त्यात नाही. आमच्या भावांना पालक कोण देणार?

एक मान्य करतो. ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तो मागायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न होता, "प्रमाणपत्र आहे का?"

अशोक चौक, एक बाप
नोकरीतल्या त्या एक टक्क्याचं मला ठाऊक नव्हतं. तरी कार्ड काढीन असं म्हणत नाही. मुलगी सज्ञान आहे, आधी तिला विचारीन. तिनं हो म्हटलं तर घरच्यांनी काय सांगायचं असतं, तेवढं सांगून ठेवा.

जुळे सोलापूरची ताई
काका, एक साधी शंभर पानी वही घ्या. अंघोळ स्वतःहून केली की सांगावी लागली, रात्री किती वेळ जागी होती, कॉलेजला निघाली आणि कुठून परत आली, कोणाशी बोलली, गोळी कधी चुकली. तारीख घालून, दोन ओळी रोज. वाईट दिवस गाळू नका आणि चांगले दिवसही लिहा. सगळे केसपेपर त्याच वहीसोबत ठेवा. विडी घरकुलच्या दादा, मामांसाठीही आजपासून सुरू करा. तपासणीला परत जाताना आईला वही घेऊन सोबत न्या.