चाहते शोक करतात, दुखवटा पाळतात की हळहळतात?

थंडीतली पुणेकरीण:
मंडळी, एका शब्दावर अडलेय. इथल्या मंडळाच्या अंकासाठी बास्केटबॉलवर लिहितेय, त्यात इथल्याच, अमेरिकेतल्या सिराक्यूज युनिव्हर्सिटीच्या एका खेळाडूवर, ड्वेन 'पर्ल' वॉशिंग्टनवर, एक तुकडा आहे. २० एप्रिल २०१६ ला ब्रेन ट्यूमरनं गेला, वय ५२. 'चाहत्यांनी शोक व्यक्त केला' असं लिहिलं आणि मलाच कसंतरी झालं, नगरपालिकेचा ठराव वाचल्यासारखं. 'दुखवटा पाळला' म्हटलं की झेंडा अर्ध्यावर आणल्यासारखं वाटतं. तुम्ही काय लिहाल?

रानमेवा:
दुखवटा तर अजिबात नको. आमच्या गावाकडं दुखवटा म्हणजे कापड. माणूस गेला की पाव्हणे दुखवटा घेऊन येतात, कर्त्या पुरुषाला टोपी-टॉवेल, बाईमाणसाला साडी, आणि कुणी काय आणलं ते पुढं दहा वर्षं लक्षात ठेवलं जातं. सरकारी दुखवटा नंतरचा, तो रेडिओवर ऐकला. तुझ्या त्या चाहत्यांनी कुणाला टोपी नेसवली असेल तर लिही.

कट्ट्यावरचा:
टोपी घालतात हो, नेसवत नाहीत 😀 शोक या शब्दाची वाट फ्लेक्सवाल्यांनी लावली. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल : समस्त मित्रपरिवार', त्यातले निम्मे त्या माणसाला कधी भेटलेले पण नसतात पण फोटो मात्र गेलेल्यापेक्षा मोठे. बरं पण हा पर्ल कोण ते सांगा ना आधी, एनबीएमध्ये, तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये, तर नाव ऐकलं नाही.

थंडीतली पुणेकरीण:
तीच तर गंमत आहे, एनबीएत त्याचं फार काही झालंच नाही, १९८६ ला न्यू जर्सी नेट्स या टीमनं घेतला, दोन सीझन तिथं, एक मायामीला, संपलं. पण सिराक्यूजला तो देव. ब्रुकलिनचा पोरगा, लहानपणीच मैदानावर एनबीएतल्या अर्ल 'द पर्ल' मन्रोवरून पर्ल नाव पडलेलं, आणि १९८३ ला कॉलेजला आला तेव्हापासून ड्रिबल करताना समोरच्याला असा झुकवायचा की तो भलत्याच दिशेला. २१ जानेवारी १९८४, बॉस्टन कॉलेजविरुद्ध मॅच, ७३-७३, शेवटचे काही सेकंद, समोरच्याचा फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळतो तो मोकळा शॉट) हुकला, बॉल पर्लकडे आला आणि त्यानं अर्ध्या कोर्टवरून मारला. आत. ७५-७३. तेव्हा त्यांच्या मॅचला थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून मारल्याचे तीन पॉइंट, नव्हता म्हणून एवढ्या लांबून मारूनही दोनच मिळाले. आणि बॉल आत गेल्यावर हा थांबला नाही, नाचला नाही, तसाच पळत पळत थेट ड्रेसिंग रूममध्ये! डोममध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या छतवाल्या स्टेडियममध्ये, तीस हजारावर लोक होते त्या रात्री. आता इथल्या कुठल्याही पन्नाशीच्या पुढच्या माणसाला विचारा, 'मी होतो तिथं' असंच सांगणार, मी मोजायचं सोडून दिलंय.

२०१६ ला मी इथं शिकत होते आणि कॅम्पसच्या कॅन्टीनमध्ये पार्ट टाइम करायचे. आमची सुपरवायझर बाई सकाळी युनिव्हर्सिटीच्या रंगाचा नारिंगी स्वेटशर्ट घालून आली, सूपचा डबा गरम करायला लावला, झाकण हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली पर्ल गेला. वाफेनं चष्मा पांढरा झालेला तरी पुसेना. त्या सीझनला टीमची पोरं वॉर्मअपला त्याच्या नावाचे आणि त्याच्या ३१ नंबरचे शर्ट घालायची, म्हणजे आजारी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तरी. दुसऱ्याच दिवशी गायक प्रिन्स गेला, टीव्हीवर जिकडंतिकडं प्रिन्स, आणि आमच्या कॅन्टीनमध्ये मात्र अर्ध्या कोर्टचा शॉट चालू.

रात्री आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, कोण, तुमच्या कॉलेजातला? मी म्हटलं अगं खेळाडू होता, माजी. किती वर्षांचा? बावन्न. "अगं बाई गं, हे काय वय आहे का जायचं!" तिनं आयुष्यात बास्केटबॉल बघितलेला नाही.

प्रूफवाचक:
ताई, उत्तर तुमच्या आईनंच दिलंय की. ही हळहळ. शोक घरच्यांचा, सुतक भाऊबंदांचं (दहा दिवस, आणि त्यात आवडनिवड चालत नाही), आणि ज्याला आपण ओळखत नाही किंवा एका बाजूनंच ओळखतो त्याच्यासाठी हळहळ. हळहळीत नेहमी 'असं व्हायला नको होतं' हा सूर असतो, नव्वदीच्या आजोबांसाठी हळहळले असं आपण सहसा म्हणत नाही, तिथं 'सोनं झालं' म्हणतो. आणि हळहळ बोलून दाखवायची असते, अरेरे, चक् चक्, काय वय होतं का. मनातल्या मनात असते ती रुखरुख.

कट्ट्यावरचा:
आणि चुटपुट? एनबीएत चाललं नाही त्याची?

प्रूफवाचक:
बरोबर, ती चुटपुट. थोडक्यात राहिलं, हातातून निसटलं याची. मॅचला जायचं राहिलं याचीही चुटपुटच. माणूस गेल्याला चुटपुट म्हणालात तर गाडी चुकल्यासारखं होईल.

रानमेवा:
पण त्या सूपवाल्या बाईला हळहळ पुरत नाही हां. हळहळ आईला ठीक. ती बाई त्याला बघत मोठी झाली असणार. तिला चटका बसलाय.

प्रूफवाचक:
हे मान्य. 'चटका लावून गेला' चालेल, फक्त पेपरवाल्यांनी त्याचं पार गुळगुळीत करून टाकलंय.

कट्ट्यावरचा:
अजून एक, 'वारला' करू नका. आणि 'ते गेले' पण नको. लक्ष्मीकांत बेर्डे गेले तेव्हा पेपरात 'निधन' होतं पण आमच्या घरात सगळे 'लक्ष्या गेला' असंच म्हणत होते, वडील सुद्धा. एकेरीत अपमान नाही तिथं. 'लक्ष्या वारला' म्हणून बघा, तलाठ्याच्या दप्तरात नोंद केल्यासारखं लागतं.

थंडीतली पुणेकरीण:
हे फार पटलं. पहिला ट्यूमर त्याला १९९५ च्या आसपास झालेला, त्यातून वाचला, तिथं मी 'मृत्यूला हुलकावणी दिली' लिहिलंय. एरवी छापील वाटतं, पण याचं सगळं आयुष्यच हुलकावणीवर गेलं त्यामुळे ठेवू का?

रानमेवा:
ठेव. कबड्डीवाले पण खूश. 'माजी' मात्र काढ. ३१ नंबरची जर्सी पुन्हा कुणाला दिली का?

थंडीतली पुणेकरीण:
नाही, १९९६ ला निवृत्त केली. आणि पर्लचं मराठीत 'मोती' करायचं होतं, करू?

कट्ट्यावरचा:
अजिबात नको!! आमच्या वाड्यात मोती होता, तो पण ५२ सालचा असेल, पोस्टमनला चावायचा.

थंडीतली पुणेकरीण:
😀 मग शेवटचं असं केलंय : "पर्ल गेला. गावाला चटका बसला, ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं तेही हळहळले."

प्रूफवाचक:
छान. फक्त वर तुम्ही सिराक्यूज लिहिताय, अंकात दुसऱ्या कुणीतरी सिरॅक्यूज लिहिलेलं असणार. आधीच विचारून घ्या.