गे रोमान्स वाचताना आणि त्यावर लिहिताना काय बघता? (अनुभव धागा)

दोन पुरुषांच्या प्रेमाच्या आजच्या कादंबऱ्या आपल्यातले बरेच जण नेमाने वाचतात. त्यावर लिहायची वेळ आली की मात्र 'गोड आहे, नक्की वाचा' किंवा 'मध्ये रेंगाळते' यापुढे गाडी सरकत नाही, आणि पुढच्या वाचकाच्या हाती काही लागत नाही. म्हणून हा धागा. आपापली कहाणी नको. नोंदी कशा ठेवता, पुस्तक नेमकं कुठे फसतं, परीक्षणात काय यायलाच हवं, ते सांगा. सुरुवात मी करते.

परीक्षणाच्या पहिल्या दोन ओळींत हे सांगून टाकावं की पुस्तक रोमान्स आहे, की गे पात्रं असलेली कादंबरी. रोमान्समध्ये प्रेमकथा हाच कणा असतो आणि शेवटी दोघं एकत्र असतात. कायमचे असतील तर वाचक त्याला एचईए (हॅपिली एव्हर आफ्टर) म्हणतात, 'सध्या तरी सुखात' असतील तर एचएफएन (हॅपी फॉर नाऊ). ही अट सगळ्याच रोमान्सला असते, पण इथे तिचं वजन वेगळं आहे. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली. शेवट सुखाचाच हवा हे आपण ठरवून केलं, असं त्यांनी नंतरच्या टिपणात नोंदवलंय. इंग्लंडमध्ये तेव्हा हे संबंध गुन्हा होते. कादंबरी छापून आली १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. दोन पुरुष शेवटी जिवंत आहेत आणि एकत्र आहेत, एवढं छापून यायला सत्तावन्न वर्षं जावी लागली. म्हणून 'शेवट आधीच कळला होता' ही तक्रार मला पटत नाही. शेवट कळलेलाच असतो. लेखकाने तो कमावलाय का, एवढंच बघायचं.

याची उलट बाजूही आहे. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (मौज, २००६) तनय आणि अनुजा हे बहीणभाऊ घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, आणि त्या तरुणाचं नावही आपल्याला कधी कळत नाही. ती विरहाची कादंबरी आहे आणि फार देखणी आहे. रोमान्स समजून उघडायची आणि 'शेवट दुःखी' म्हणून तारे कापायचे, हा तिच्यावर अन्याय आहे.

ठाण्याहून:

नोंदींबद्दल. किंडलच्या अॅपमध्ये खुणा करायला चार रंग मिळतात. पिवळा पहिल्या नायकासाठी, निळा दुसऱ्यासाठी, गुलाबी दोघांमधल्या वळणांसाठी, केशरी खटकलेल्या जागांसाठी. पुस्तक संपल्यावर पिवळं आणि निळं शेजारीशेजारी ठेवून बघा. एकाला नोकरी, आई, भीती, मित्र सगळं आहे आणि दुसऱ्याला फक्त रुंद खांदे आहेत, असं निघालं की परीक्षणाचा मुख्य मुद्दा सापडला.

२५, ५० आणि ७५ टक्क्यांना थांबून एकच वाक्य लिहायचं: आत्ता या दोघांना एकत्र येण्यापासून काय अडवतंय? तिन्ही ठिकाणी उत्तर तेच आलं तर मधला भाग फिरतोय पण पुढे जात नाहीये. उत्तर बदलत गेलं (आधी संकोच, मग घरचे, मग स्वतःबद्दलचा अविश्वास) तर बांधणी पक्की आहे.

आता ताटातूट. ती साधारण तीन चतुर्थांश पुस्तक उलटल्यावर येते आणि बहुतेक पुस्तकं तिथेच फसतात. तिच्यासाठी दोन कसोट्या. एक, पाच मिनिटं नीट बोलून हे भांडण मिटलं असतं का? मिटलं असतं, तर ते पात्रांचं नव्हे, लेखकाच्या गरजेचं भांडण आहे. दोन, त्याचं मूळ पहिल्या तीन प्रकरणांत सापडतं का? जो माणूस सुरुवातीपासून आईचा फोन आला की दुसऱ्या खोलीत जाऊन बोलतो, त्याने शेवटी पाहुण्यांसमोर जोडीदाराची ओळख 'रूममेट' म्हणून करून दिली, तर ते आतून आलेलं आहे. मग समेट बघा. नुसतं 'सॉरी' आणि पावसातली मिठी पुरत नाही. चुकलेल्याने काय बदललं? वरच्या उदाहरणात तोच फोन तो आता जोडीदाराच्या शेजारी बसून घेतो, एवढं दिसलं तरी पुरे.

परीक्षणात हे असं उतरावं: 'पहिल्या अर्ध्या भागात दोघं फक्त चारदा समोरासमोर येतात, त्यामुळे प्रेम पत्रांतून कळतं, सहवासातून नाही. ज्यांना हळूहळू पेटणारी गोष्ट आवडते त्यांना चालेल.' शेवट न फोडता वाचकाला ठरवता येतं.

नागपूरहून:

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. दोन्ही नायक 'तो' असल्यामुळे कथानक सांगताना गोंधळ होतो. इंग्रजी मूळ पुस्तकांतही 'हिज' कोणाचं हे कळायला वाक्य दोनदा वाचावं लागतं. आपल्याकडे त्यावर औषध आहे. 'त्याने त्याचा हात त्याच्या छातीवर ठेवला' यात कोणाचा हात कोणाच्या छातीवर, पत्ता नाही. 'त्याने आपला हात त्याच्या छातीवर ठेवला' म्हटलं की संपलं. 'आपला' आणि 'स्वतःचा' वापरा, आणि दर दोन वाक्यांनी नाव घ्या. 'सोनेरी केसांचा तरुण', 'उंच डॉक्टर' अशी विशेषणं नावाऐवजी टाकू नका. प्रेमात पडलेला माणूस समोरच्याला मनात 'उंच डॉक्टर' म्हणत नाही. पुस्तकातच तसं असेल तर तो दोष म्हणून नोंदवा.

शब्दही सांभाळा. 'लैंगिक आवड' किंवा 'निवड' नको, 'लैंगिक कल' लिहा. बायसेक्शुअलसाठी 'उभयलिंगी' घोटाळ्याचा आहे, कारण जीवशास्त्रात त्याचा अर्थ एकाच जीवात दोन्ही लिंगं असा होतो. 'द्विलैंगिक' किंवा सरळ 'बायसेक्शुअल' बरं. आणि ज्या नायकाचं आधी बायकोवर मनापासून प्रेम होतं त्याला परीक्षणात बिनधास्त 'गे' म्हणू नका. तो स्वतःला काय म्हणवतो ते पुस्तकात शोधा, त्याचाच शब्द वापरा. काही पुस्तकं हा शब्द पूर्ण टाळतात, 'मला फक्त तूच आवडतोस' म्हणून मोकळी होतात. ते पटलं की नाही, हे लिहायलाच हवं.

पुण्याहून, आरोग्यक्षेत्रातला वाचक:

शय्यादृश्यांबद्दल लोक लाजून एक ओळ लिहितात. प्रमाण (किती, किती मोकळं) सांगाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या दृश्यानंतर दोघांमधलं काही बदललं का. दृश्य काढून टाकलं आणि कथेला ओरखडाही उठला नाही, तर ते भरताड.

मग तपशील. तेल किंवा व्हॅसलीन आणि लेटेक्सचा कंडोम एकत्र आला की चूक समजा, तेलाने लेटेक्स कमजोर होऊन फाटतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण हवं. पूर्वतयारी किंवा वंगण नसताना पहिलीच वेळ सुखाची दाखवली असेल तर ते अवास्तव आहे, आणि तरुण वाचक यातून शिकतात म्हणून ते सांगणं गरजेचं. प्रेपची गोळी (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची) अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाली. २००५ मधल्या कथेत ती असेल तर चूक. आयत्या वेळी एक गोळी गिळली आणि संरक्षण मिळालं, हेही चूक. प्रसंगापुरती घ्यायची तर संबंधाआधी २ ते २४ तासांत दोन, पहिल्या मात्रेनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी आणखी एक. आणि नियमित उपचारांनी ज्याच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्याकडून संबंधांतून लागण होत नाही. आजच्या कादंबरीत असा नायक 'धोका' म्हणून रंगवला असेल तर मी तारे कापतो आणि कारण स्पष्ट लिहितो.

मुंबईहून:

स्थळकाळ तपासायला वर्षं जवळ ठेवा. अमेरिकी सैन्यात उघडपणे गे असण्यावरची बंदी २० सप्टेंबर २०११ ला उठली. संपूर्ण अमेरिकेत विवाहाचा हक्क २६ जून २०१५ ला मिळाला. इंग्लंडमध्ये पहिले विवाह २९ मार्च २०१४ ला लागले. भारतात हे संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा, आणि विवाहाला मान्यता नाकारणारा १७ ऑक्टोबर २०२३ चा. म्हणजे मुंबईत घडणाऱ्या कथेत हार घालता येतात, सोहळा होतो, पण विवाह नोंदणीचा दाखला हातात येत नाही. संयुक्त बँक खातं आणि त्यावर जोडीदाराचं नामनिर्देशन करायला आडकाठी नाही, असा खुलासा केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये केला. बँकेच्या फॉर्मवर दोन पुरुषांच्या सह्या, हा शेवट आपल्याकडच्या कादंबरीला किती शोभेल!

हॉकीच्या कादंबऱ्या सध्या फार वाचल्या जातात. बर्फावरच्या हॉकीत वीस मिनिटांची तीन सत्रं असतात आणि खेळाडू सलग मिनिटभराहून कमीच बर्फावर असतो. नायक दहा मिनिटं सलग खेळला तर लेखकाने सामना बघितलेला नाही. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) वेगळ्या कॉन्फरन्समधले, म्हणजे लीगच्या दुसऱ्या गटातले संघ साखळीत फक्त दोनदा भेटतात, तेव्हा चोरून भेटण्याचा हिशेब जुळतो का बघा. आणि 'आजकाल एवढं लपवायचं काय' असं लिहिण्याआधी हे लक्षात घ्या: एनएचएल संघाशी करार असलेल्या खेळाडूने उघडपणे गे असल्याचं पहिल्यांदा सांगितलं ते जुलै २०२१ मध्ये, ल्यूक प्रोकॉपने.

कोल्हापूरहून:

थोडकंच. लेखक स्वतः गे आहे का, हा प्रश्न परीक्षणात नको. कादंबरीकार बेकी अल्बर्टाली यांना २०२० मध्ये आणि 'हार्टस्टॉपर' या दोन मुलांच्या प्रेमाच्या मालिकेतल्या किट कॉनर या अभिनेत्याला २०२२ मध्ये लोकांच्या याच कुजबुजीपायी आपला कल जाहीर करावा लागला. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुस्तकात काय खोटं वाटतं ते पान दाखवून सांगा.

इशारे परीक्षणाच्या सुरुवातीला द्या, आणि नेमके द्या: 'घरच्यांनी हाकललेलं, भूतकाळात, दोन पानं' आणि 'मर्जीविरुद्ध कल उघड केला जातो, प्रत्यक्ष प्रसंग' यात फार फरक आहे. नुसतं 'संवेदनशील विषय' म्हणून कोणालाच ठरवता येत नाही.

बंगळुरूहून:

प्रकाशनाआधीची प्रत मोफत मिळाली असेल तर तसं पहिल्याच ओळीत लिहा. त्या प्रतीतलं वाक्य उद्धृत करू नका, अंतिम पुस्तकात ते बदललेलं असू शकतं. टंकदोषांवरून तारेही कापू नका.

पुस्तकांना तारे द्यायच्या संकेतस्थळांपैकी गुडरीड्सवर अर्धा तारा देता येत नाही, स्टोरीग्राफवर पाव ताऱ्यापर्यंत जाता येतं. तीन आणि चारच्या मध्ये अडकलात तर आकडा कोणताही द्या, पण 'साडेतीन, कारण समेट घाईत' असं मजकुरात लिहा.

आणि ज्यांच्या घरी किंवा होस्टेलवर वाचन लपवावं लागतं त्यांच्यासाठी: किंडल बंद असताना पडद्यावर चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसू शकतं, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. घरच्यांशी जोडलेल्या खात्यातून पुस्तक घेऊ नका, खरेदीच्या यादीत शीर्षक राहतं. परीक्षणासाठी वेगळा ईमेल आणि वेगळं नाव घ्या, आणि फोनमधले संपर्क त्या खात्याला जोडू देऊ नका.