मदत हवी आहे: मतदानाचा हक्क मूलभूत व्हावा म्हणून निवेदन देतोय, मसुद्यात काय असावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. आमच्या तालमीतली सात-आठ जणं मिळून खासदारांना निवेदन देणार आहोत. मागणी एकच, मतदानाचा हक्क संविधानात मूलभूत हक्क म्हणून यावा. कायदा जाणणाऱ्यांनी हातभार लावावा.

कारण घरचंच आहे. मागच्या विधानसभेला आई सकाळी सातलाच इरकल नेसून, ओळखपत्र रुमालात गुंडाळून तयार. केंद्राबाहेरच्या टेबलावर यादी बघणाऱ्या पोराचं बोट एका जागी थांबलं. वडिलांच्या चौकटीवर नाव कमी केल्याचा आडवा शिक्का होता. तो बरोबरच, ते गेल्यावर आम्हीच अर्ज दिला होता. पण शेजारच्या चौकटीवरही तोच शिक्का, आणि ती चौकट आईची. पन्नास वर्षं एकाच घरात राहणारी बाई. घरी ना नोटीस आली ना चौकशीला माणूस. आत सांगितलं, ओळखपत्र असलं तरी यादीत नाव नाही, मत देता येणार नाही. आई घरी येऊन लुगडंही न बदलता सोप्यात बसून राहिली.

पुढं नमुना ६, म्हणजे यादीत नाव नोंदवायचा अर्ज, भरून नाव परत आलं. अर्जावर 'नवीन मतदार' वाचून म्हणाली, "मी काय आज अठराची झाले व्हय?"

तेव्हापासून वाचतोय. १९४७ साली संविधान सभेच्या मूलभूत हक्कांच्या उपसमितीने प्रौढ मताधिकार हक्कांच्या यादीत घातला होता, पण सल्लागार समितीने तो संविधानात दुसरीकडे ठेवायला सुचवलं. म्हणून आज तो कलम ३२६ मध्ये आहे. १९८८ च्या ६१व्या घटनादुरुस्तीने त्यातलं वय २१ चं १८ केलं. पण नीट वाचलं तर हे कलम मतदार म्हणून नोंद होण्याचा हक्क देतं. प्रत्यक्ष मत देण्याचा हक्क येतो १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ मधून, आणि तो यादीला बांधलेला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ज्योती बसू खटल्यात मतदानाला निव्वळ कायद्याने दिलेला हक्क म्हटलं, २००६ मध्ये कुलदीप नायर खटल्यातही तेच. संसदेनं साध्या कायद्यानं दिलेला हक्क साध्या कायद्यानं आक्रसूही शकतो, ही गोष्ट मला टोचते.

मदत हवी ती अशी: दुरुस्ती कलम ३२६ मध्येच मागावी की भाग तीनमध्ये, म्हणजे संविधानातल्या मूलभूत हक्कांच्या भागात, नवीन कलम मागावं? आणि आईसारख्या माणसाला मतदानाच्या दिवशीच दाद मिळेल असं काही लिहिता येईल का? आपल्याकडे प्रदत्त मत आहे, पण ते आपल्या नावावर दुसऱ्यानं आधीच मत टाकलं असेल तरच. नावच नसेल तर काही नाही.

प्रतिसाद:
भाग तीनच मागा. तिथं हक्क आला की कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. शिवाय भाग तीनच्या दुरुस्तीला कलम ३६८ प्रमाणे संसदेचं विशेष बहुमत पुरतं, राज्यांची मान्यता लागत नाही.

पण तेवढ्यावर थांबू नका. कलम ३२९ मुळे निवडणूक सुरू झाली की न्यायालयं मध्ये पडत नाहीत, निकालानंतर निवडणूक याचिका एवढाच मार्ग उरतो. हक्क मूलभूत झाला तरी तुमच्या आईला त्या सकाळी उपयोग झाला नसता. म्हणून नोटीस दिल्याशिवाय नाव कमी करायचं नाही, हे कलमातच मागा. १९६० च्या मतदार नोंदणी नियमांतल्या २१अ मध्ये ते आहे, पण नियम मोडला तर मतदाराच्या हातात त्या दिवशी काही राहत नाही. आईचं नाव कोणत्या अर्जावरून कमी केलं आणि नोटीस कधी पाठवली, याच्या प्रती माहिती अधिकारात मागवा. त्या निवेदनाला जोडा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. ३२९ चं ध्यानातच आलं नव्हतं. माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाकतो. नोटिशीचं वाक्य आता मसुद्यात सगळ्यात वर घेतलंय. रविवारी संध्याकाळी बिंदू चौकात सह्या घ्यायला बसतोय, पहिली सही आईची आहे. ३२९ ला धक्का न लावता मतदानाच्या दिवशीची तरतूद कशी लिहावी, हे कुणी सुचवलं तर शनिवारपर्यंत सुचवा.